जांभळ्या ग्रहासाठी गेटसभा

सुचेताचा ग्रह जांभळा होता. 'तारावाट' नावाच्या ऑनलाइन खेळात तो तिनेच शोधलेला, म्हणून त्याला नावही तिचंच मिळालेलं. फक्त त्यावर उतरता येत नव्हतं. "दिवाळीला उतराल," असं खेळाची कंपनी म्हणाली होती. मग होळीला. मग नुसतंच "लवकरच", सोबत हसऱ्या रॉकेटचं चित्र. अख्खी नववी ग्रहाभोवती घिरट्या घालण्यात गेली.

"मला एकदा तिथे पाय टेकायचाय, बाबा," ती जेवताना म्हणाली. "तक्रारी लिहून लिहून बोटं दुखली."

तिचे बाबा, यशवंतराव, कारखान्यात फिटर आणि युनियनचे जुने वक्ते. हिंदी मुलखातल्या पिपलानी टाउनशिपमधल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये भाजीत मीठ कमी पडलं तरी मागणी मांडली जायची.

"तक्रारी कोण वाचतंय? गेटसभा घे. पाळीच्या आधी सगळ्यांनी गेट अडवून उभं राहायचं. मागणी एकच ठेव. आणि शिव्या नकोत, साहेबाला आयतं निमित्त मिळतं."

शनिवारी दुपारी शाळेतून येऊन तिने खेळातल्या मुख्य स्थानकाच्या दारात यान आडवं घातलं. शेजारी बाग सेवनिया वस्तीतल्या मैत्रिणीचं, ज़ीनतचं. मग टाउनशिपची पोरं आली, मग कुठकुठली अनोळखी, आणि दार गच्च बंद झालं. वर्गात उत्तर येत असूनही हात वर न करणारी सुचेता माइकवर "साथियो" म्हणाली आणि आपल्याच आवाजाने तिला गुदगुल्या झाल्या.

"मागणी एकच. उतरने दो. नहीं होता तो साफ़ बोलो."

"को खां, तू तो लीडर बन गई," ज़ीनत तिथल्या बोलीतलं 'काय राव' घालून खिदळली.

तेवढ्यात खिडकीबाहेर कारखान्याचा खरा भोंगा वाजला. भोंगा झाला की गेटसभा संपते, हे टाउनशिपच्या पोरांच्या हाडात मुरलेलं. सगळ्यांनी भराभर यानं वळवली आणि सगळे पांगले.

"अरे, कुठे चाललात? आपल्याला कुठे पाळीवर जायचंय?" सुचेताला हसू आवरेना.

पोरं ओशाळून परत फिरली, तर मोकळ्या झालेल्या दारातून आत अडकलेलं कंपनीचं सोनेरी यान हळूच सटकत होतं. ते आयतंच घेरलं गेलं.

"नमस्कार साहेब," सुचेता अदबीने म्हणाली.

खेळ बनवणाऱ्यांपैकी मनोहर नावाचा माणूस होता तो. त्याने यान थांबवलं. मग म्हणाला, "ज़मीन बनी ही नहीं है. बनेगी भी नहीं. बस रंग है."

वर्षभर ती एका रंगाभोवती फिरत होती. पण निदान कुणीतरी खरं बोललं होतं.

"तो अंदर क्या है?"

"कुछ नहीं. इसीलिए ताला लगाया है."

"खोलिए न. कुछ नहीं ही देख लेंगे."

मनोहर खुदकन हसला. त्याने कुलूप काढलं.

सगळी यानं एकदम जांभळ्यात घुसली. आत सगळा पोकळ उजेड होता, आणि भिंतींतून चांदण्या दिसत होत्या. ज़ीनत उलटी तरंगत होती, पोरं एकमेकांच्या आरपार जात होती, मनोहर कोलांट्या मारत होता. सुचेता इतकी हसली की पाळीवरून आलेले बाबा डबा हातात घेऊनच खोलीत डोकावले.

"मागणी मान्य झाली?"

"छे हो बाबा. जमीनच नाहीये," म्हणत तिने खुर्चीत सरकून त्यांना जागा केली.