वापरण्यापूर्वी बाटली हलवा

"चुना लावलास की रे मला! अक्षरशः चुना!"

दातांच्या डॉक्टरांचा आवाज एवढा चढला की बाहेर गाल धरून बसलेल्या बाई दुखणंच विसरल्या. समोर दवाखान्यातली माशांची टाकी सांभाळणारा टाकीवाला. एरवी एकाला दोन ऐकवणारा गडी, पण आज जबडा हलेना. आधी इंजेक्शन टोचून मग झापतायत, असं वाटत होतं.

भिंतीलगत टाकी. खारं पाणी, चार मासे आणि मधोमध जांभळ्या फांद्यांचं पोवळं. नखाएवढा तुकडा होता तो. टाकीवाल्याने स्वतःच्या स्वयंपाकघरात चार वर्षं वाढवला आणि मग इथे आणून लावला. आज त्याची सगळी टोकं पांढरीफटक.

"कवळी दिसतेय कवळी," डॉक्टर म्हणाले. "आपोआप औषध सोडणारा पंप लाव नाहीतर टाकी उचल. दुपारपर्यंत सांग." आणि ते त्या बाईंचा दात काढायला आत गेले.

टाकीवाल्याने नळीत टाकीचं पाणी घेतलं आणि तपासणीच्या औषधाचे थेंब त्यात मोजून टाकायला लागला. पोवळ्याला अंग धरायला कॅल्शियम लागतं, आणि जोडीला अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची क्षारता. दोन्ही रोज संपतात, रोज भरावी लागतात. आठव्या थेंबाला निळं पाणी पिवळं व्हायला पाहिजे. नऊ झाले. दहा झाले. तेराव्याला झालं, म्हणजे अल्कलिनिटी भलतीच चढलेली. आपल्याला काहीतरी वाटायला पाहिजे, असं त्याच्या मनात आलं. वाटलं नाही. त्याने नळी धुतली.

चुन्याची पद्धत त्याचीच. चुन्याची पूड पाण्यात ढवळायची, रात्रभर ठेवायची. गाळ खाली बसला की वरची निवळी तेवढी सकाळी थेंबथेंब सोडायची. दोन वर्षं तो स्वतः रोज येऊन करायचा. मग कामं वाढली. दोन आठवड्यांपूर्वी त्याने बाटली ताईच्या हातात दिली. ताई म्हणजे इथली नर्स, आणि याची सख्खी मोठी बहीण. इथलं काम तिनेच मिळवून दिलेलं.

"खूप ओरडले का रे?" ताई ट्रे घेऊन आली. "थांब, आजचं राहिलंय, ते घालते."

तिने कपाटातून बाटली काढली आणि न बघता, बोलता बोलता, खळखळ खळखळ हलवली.

"ताई."

"काय?"

"हे काय केलंस?"

"काय केलं? हलवली. लिहिलंय की!"

बाटली पांढरी, आतलं काही दिसत नाही अशी. इथल्याच औषधाची रिकामी झालेली, त्यानेच धुऊन घेतलेली. लेबल काढायचा कंटाळा केला होता. त्यावर ठसठशीत अक्षरांत: वापरण्यापूर्वी बाटली हलवा. बावीस वर्षं ताई असल्या बाटल्या हलवत होती.

"निवळी म्हणालो होतो ना मी?"

"मला वाटलं, औषधाचं नाव आहे ते," ताई म्हणाली, आणि मग तिने टाकीकडे पाहिलं. तिचा हात बाटलीवरच राहिला. "अरे देवा. मी मारलं का रे त्याला?"

"पूर्ण नाही अजून."

डॉक्टर हातमोजे काढत बाहेर आले. "ठरलं?"

"आठवडाभर काही घालायचं नाही, अल्कलिनिटी खाली येऊ दे," टाकीवाला म्हणाला. "मग पंप. दोन बाटल्या, एकीत कॅल्शियम, दुसरीत सोडा. भांडणाऱ्या जावांसारख्या, एकमेकींना भेटू द्यायच्या नाहीत, नाहीतर पाण्यात पांढरा चिखल. पंप एकीचं सकाळी सोडेल, दुसरीचं संध्याकाळी."

"मग पंप आधीच का नाही लावलास? चूक कुणाची होती मग?"

"माझी. बाटली चुकीची आणली."

"हलवली मी," ताई म्हणाली.

"ताई, गप्प बस."

"तू गप्प बस. मोठा आलाय मला वाचवणारा! डॉक्टर, रोज हलवली मी. लेबल वाचून."

डॉक्टरांनी बाटली उलटीसुलटी करून वाचली. "माझ्या पेशंटांनी लेबलाचं एवढं ऐकलं असतं तर," ते म्हणाले, आणि पुढच्याला आत बोलावलं. एवढंच.

टाकीवाला नळ्या पिशवीत भरू लागला. ताई काचेजवळ उभी. पोवळ्याच्या बुडाशी थोडा जांभळा रंग होता अजून, ती तिथेच बघत होती.

"मी लवकर यायचे रे दहा मिनिटं. हे थेंब पडायला लागले की चहा घेऊन बसायचे इथे. पंप लावल्यावर मी काय करू सकाळी?"

त्याने पिशवी खांद्याला लावली. जबडा अजून इंजेक्शन दिल्यासारखाच.

"मला निघायला पाहिजे आता," तो म्हणाला.