धुऊन आलेली अबोली साडी

बुधवारा पेठेतल्या उषाच्या अबोली रेशमी साडीला बावीस वर्षांत एकदाही पाणी लागलं नव्हतं. माहेरी, फोपनारच्या मळ्यात केळीचं पहिलं चांगलं पीक निघालं, तेव्हा तिच्या भावाने, भिकनने, ती घेऊन दिली होती. अंग अबोली, काठ जांभळे, पदरावर जरीच्या कोयऱ्या. वर्षातून दोनदा उषा ती कपाटातून काढायची, घडी मोडून नवी घालायची, सावलीत वारा द्यायची आणि पुन्हा जुन्या मलमलीत गुंडाळून ठेवायची. यंदा भिकनच्या मुलाचं, हर्षलचं लग्न ठरलं म्हणून तिने साडी उघडली, तर घडीच्या जागी तांबूस रेघ उमटलेली आणि खांद्यावर येणाऱ्या भागाला जुन्या घामाचा कुबट वास.

शेजारच्या विमलचं म्हणणं पडलं की दुकानात द्यायचीच नाही, घरीच रिठ्याच्या पाण्यातून काढायची. दोघींच्या गच्च्या एकमेकींना लागून होत्या आणि पंधरा वर्षांचा घरोबा होता. सासूच्या रेशमी साड्या विमलच धूत आलेली. उषाचा उजवा खांदा सहा महिन्यांपासून आखडलेला, हात कानापर्यंतसुद्धा जात नव्हता, तेव्हा साडी विमलनेच नेली. नेताना उषाने तिला सगळं पुन्हा ऐकवलं: पाणी थंड, भिजवायची पाच मिनिटं, पिळायची अजिबात नाही, टॉवेलात गुंडाळून पाणी टिपायचं, ऊन लागू द्यायचं नाही. शाळेत मास्तरकी केलेल्या बाईचं बोलणं विमलने हसत ऐकून घेतलं आणि दोन दिवसांत देते म्हणाली.

दिली सहाव्या दिवशी. इस्त्री करून, कागदात घालून. चहा नको म्हणाली, गॅसवर दूध ठेवलंय असं सांगून लगेच गेली.

उषाने साडी पलंगावर उलगडली आणि ती गोंधळलीच. तिची साडी उलगडताना सळसळायची, ही गप्प होती. ती अंगावर उभी राहायची, ही हातातून पाण्यासारखी ओघळत होती. रंग अबोलीच, पण थोडा शेंदराकडे झुकलेला. की खिडकीतून येणाऱ्या उन्हामुळे तसा दिसत होता? तिने खिडकी लावून पाहिलं, दिवा लावून पाहिलं, मग सज्ज्यात नेऊन पाहिलं. तीन ठिकाणी तीन रंग दिसले. काठ मात्र तेच होते, कोयऱ्याही त्याच. पण तशा काठांच्या आणि तशा कोयऱ्यांच्या साड्या त्या वर्षी दुकानात ढिगाने होत्या, हे तिला आता आठवायला लागलं.

दुपारी तिने साडी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली. काटा सहाशे दहा ग्रॅमवर थांबला. आकडा पाहून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आधीचं वजन तिला कुठे माहीत होतं? मग तिने ती नेसून पाहिली. पूर्वी सात निऱ्या पडायच्या, आता जेमतेम सहा पडल्या. तिचा नवरा सुधाकर तहसीलमधून जेवायला आला होता. तो म्हणाला, बावीस वर्षांत तू आहेस तेवढीच राहिलीस का? हेही खरंच होतं. साडी आखडली की आपण वाढलो, हे ठरवायला तिच्याकडे काहीच नव्हतं. शेवटी तिने आतल्या टोकाचा एक धागा ओढून काडीने जाळला. केस जळल्यासारखा वास आला, राख बोटांत चुरली. म्हणजे रेशीम खरं होतं. पण खरं रेशीम म्हणजे तिचंच रेशीम, असं थोडंच होतं?

इंदूरला राहणाऱ्या मुलीला, मृणालला, तिने फोनवर सांगितलं. मृणालने विचारलं की विमलकाकू साडी बदलून करतील काय, आणि तशीच दुसरी आणतील कुठून? विमल असं करणारी नव्हती, हे उषालाही ठाऊक होतं. ही साडी आपली नाही, हेही तिला तितकंच ठाऊक होतं. दोन्ही गोष्टी एकाच डोक्यात राहीनात. विमल गच्चीवर दिसली की उषा कपडे अर्धे वाळत घालून खाली उतरायला लागली. विमलही हाक मारेनाशी झाली आणि त्यामुळे उषाचा संशय आणखी बळावला.

आठवड्याने विमल माहेरी तुकईथडला दोन दिवसांसाठी गेली. नेहमीप्रमाणे तुळशीला पाणी घालायला किल्ली उषाकडे देऊन गेली. उषाने पाणी घातलं, कुलूप लावायला वळली आणि परत आत गेली. आपण काय करतोय हे तिला कळत होतं, पण पाय थांबत नव्हते. तिने विमलचं कपाट उघडलं. डाव्या हाताने एकेक साडी उचलून पाहिली. अबोली साडी तिथे नव्हती. सुटल्यासारखं वाटून ती कपाट लावणार, तेवढ्यात खालच्या कप्प्यातून कागदाची एक पुडी घरंगळली. आत धाग्यांची बोटभर लड होती. अबोली रंगाची. तिच्या साडीचीच, त्यात शंकाच नव्हती. कागदावर विमलच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘हुबेहूब असाच रंग पाहिजे.’

उषाने तो कागद दोनदा वाचला. म्हणजे नमुना देऊन तशीच दुसरी साडी मिळवली होती. मग माझी कुठे गेली? आणि माझी ठेवून घ्यायची होती, तर ती या कपाटात का नाही? कितीही जोडलं तरी गोष्टीचा एक तुकडा उरतच होता. पुडी जागच्या जागी ठेवून ती घरी आली. त्या दिवशी भाजीत तिने मीठ दोनदा घातलं.

विमल परतली, किल्ली घ्यायला दारात आली. उषाने किल्ली पुढे केली, पण सोडली नाही.

"विमल, मी तुझं कपाट उघडलं होतं."

विमलला आधी कळलंच नाही. उषाने पुन्हा सांगितलं, पुडी पाहिल्याचंही सांगितलं. आता ओरडेल, नाहीतर उलटून बोलेल, असं तिला वाटलं होतं. विमल दारातल्या पायरीवरच बसली.

"मला वाटलं, तू साडी बदललीस," उषा म्हणाली.

"बदलली नाही वहिनी. रंगवली."

मग तिने सगळं सांगितलं. ओल्या पांढऱ्या रुमालाने तिने रंग सुटतो का ते आधी पाहिलं होतं, पण फक्त पदरापाशी. काठाकडे लक्षच गेलं नाही. रिठ्याला फेस येईना म्हणून बादलीत थोडं गरम पाणी ओतलं. तेवढ्यात तुकईथडहून फोन आला, आईला चक्कर आली होती. बोलण्यात अर्धा तास गेला. येऊन पाहते तो जांभळा काठ अबोली अंगावर उतरलेला, हातभर लांबीचे निळसर ओघळ. तीनदा धुतलं तरी गेले नाहीत. शेवटी ती राजघाटाकडे एका रंगाऱ्याला शोधत गेली. पदराच्या कडेचे डाग न लागलेले धागे ओढून त्याला नमुना दिला. त्याने काठ प्लॅस्टिकने बांधून घेतले आणि मधलं अंग उकळत्या रंगात काढलं. डाग झाकायला रंग जरासा गडद करावाच लागेल आणि उकळल्यावर रेशीम मऊ पडेल, आखडेलही, हे त्याने आधीच सांगितलं होतं.

"तुम्हाला तेव्हाच सांगायचं होतं. रोज ठरवायची, आज सांगते. मग वाटायचं, त्यांना फरक नसेल समजला तर फालतू जीव कशाला दुखवा?"

"फरक समजला म्हणूनच तर वेड लागायची पाळी आली."

उषाला राग आला होता, पण तो कोणावर, हे तिचं तिलाच समजेना. साडी बिघडवल्याचा म्हणावा, तर आईच्या फोनपायी कोणीही बादली विसरलं असतं. लपवल्याचा म्हणावा, तर तिने स्वतः काय वेगळं केलं होतं? विमललाही बहुधा तसंच काहीसं होत असावं. कपाटाबद्दल ती एवढंच म्हणाली, "विचारायचं होतं ना मला." आणि किल्ली घेऊन गेली. आठ दिवस दोघी कामापुरत्या बोलल्या. मग सुधाकरने आणलेली पपई उषा कापून घेऊन गेली आणि विमलने तिला बसवून घेतलं.

लग्नात उषा तीच साडी नेसली. भिकनने ओळखली नाही. नवीन घेतली का म्हणाला. उषा म्हणाली, तूच दिलेली आहे. एवढी भारी दिली होती का मी, असं म्हणून तो खूश झाला.

फोपनारच्या उकाड्यात साडी घामाने भिजली आणि पंगतीत शेवभाजीच्या रश्श्याचा एक थेंबही पडला. परत आल्यावर उषाने ठरवलं की आता हिला बावीस वर्षं ठेवायची नाही, लगेच पाण्यातून काढायची. खांदा आता बराच सुटला होता. गच्चीवर सावलीत बादली ठेवली, पाणी हाताने तपासलं, रिठ्याचं पाणी गाळून घातलं. विमल पलीकडच्या गच्चीवरून आली आणि हात पाठीमागे बांधून बसली. सांगितल्याशिवाय हात लावणार नाही म्हणाली. उषाने फोन खाली सुधाकरकडे देऊन ठेवला होता.

पाच मिनिटांनी साडी वर उचलली, तर बादलीतलं पाणी फिक्कट गुलाबी झालं होतं.

दोघी वाकून बघत राहिल्या. रंगाऱ्याने चढवलेला रंग सुटत होता, की त्याच्याखालचा जुना? विमल म्हणाली, नवाच असणार. उषाला तो जुना वाटला. तिने थोडं पाणी ओंजळीत घेऊन उन्हाकडे धरलं, मग विमलला दाखवलं. विमल आता म्हणाली, जुना असेल कदाचित. आणि उषाला नेमकं त्याच क्षणी तो नवा वाटायला लागला.

साडी टॉवेलात घालून दोघींनी दोन बाजूंनी गुंडाळली. पाणी मोरीत ओतून दिलं.