माझ्या छातीतली वाकडी पट्टी

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. पण चौकात उभे राहून गळ्यात हार घालून घेणाऱ्यांपैकी नव्हे. मला डोके आहे, मान आहे, छाती आहे आणि पोटापाशी माझा कारभार संपतो. रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्यांना बंद पडलेल्या हृदयाला छाती दाबून कसा आधार द्यायचा हे शिकावे लागते. तो सराव जिवंत माणसावर करता येत नाही. म्हणून मला घडवले.

मला रबराची कातडी आहे. तिच्या आत स्पंज, स्पंजाखाली जाड स्प्रिंग आणि सर्वांत खाली पितळेची एक बारीक पट्टी. छाती पुरती दोन इंच दाबली गेली की स्प्रिंगचे टोक त्या पट्टीला टेकते आणि माझ्या खांद्यावर हिरवा दिवा लागतो. दाब कमी पडला तर लाल. कारखान्यातल्या बाईंनी मला खोक्यात ठेवण्याआधी माझ्या कपाळावरची धूळ बाहीने पुसली होती, झोपलेल्या बाळाची पुसावी तशी. ती माझी पहिली आठवण.

तिथून मी एका प्रशिक्षण केंद्रात आलो. निळ्या सतरंजीवर उताणा पडून राहायचे, हे माझे काम. शिकणारे गुडघे टेकून बसत, माझा खांदा थोपटत आणि विचारत, "काका, ऐकू येतंय का?" मी कधी उत्तर दिले नाही आणि कोणी त्याचा रागही धरला नाही. कामावर लागलेल्यांनाही दर दोन वर्षांनी परत येऊन परीक्षा द्यावी लागे, तेव्हाच त्यांचे प्रमाणपत्र पुढे चालू राही. कारण मन विसरत नसले तरी हात विसरतात.

केंद्रात एक म्हातारे मदतनीस होते. ते दर तीन महिन्यांनी मला उघडत, आतला स्पंजाचा भुसा झाडत, पट्टी तपासत आणि माझ्या पाठीवरच्या कागदावर तारीख लिहीत. ते निवृत्त झाले. त्यानंतर केंद्रातले लोक मला रोज बाहेरून पुसत, चकाचक ठेवत. पण उघडून कोणी पाहिले नाही. पुढे नवे, बोलणारे पुतळे येणार म्हणून मोठी चर्चा झाली. आमच्या वाट्याला त्यांचे भिंतीवरचे चित्र तेवढे आले.

तीन वर्षांत माझा स्पंज झिजला आणि पट्टी खाली वाकली. आता दोन इंच दाबले तरी स्प्रिंगचे टोक तिच्यापर्यंत पोचेना. जे अंगातले सगळे बळ लावून दाबत त्यांना हिरवा दिवा मिळे. जे बरोबर मापात दाबत त्यांना लाल. मला हे कळत होते, मित्रांनो. पण ज्याला बोलता येत नाही त्याने काय करावे?

अशातच एके सकाळी मावशी परीक्षेला आल्या. त्या कोणाच्या सख्ख्या मावशी नव्हत्या. चोवीस वर्षे रुग्णवाहिकेवर काढल्यामुळे सगळेच त्यांना तसे म्हणत. त्या वर्षी एका आजारी बाईंना जिन्यावरून उतरवताना त्यांचा पाय घसरला होता. स्ट्रेचर त्यांनी सोडले नाही, पण मनगट मोडले. प्लास्टर निघून चार महिने झाले होते.

परीक्षा घेणारे शिक्षक म्हणजे एके काळी मावशींच्याच हाताखाली शिकलेला मुलगा. आता त्याचेही केस कानांपाशी पिकले होते. त्याने घड्याळ लावले. दोन मिनिटे मावशी दाबत होत्या आणि दोन्ही मिनिटे माझा दिवा लाल. त्यांच्या कपाळावरचा घाम माझ्या गालावर पडला. मला आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती.

शिक्षक बराच वेळ कागद चाळत राहिले. मग हळूच म्हणाले, "मावशी, मी 'उत्तीर्ण' लिहितो. तुमचं काम मला ठाऊक आहे."

मावशी मनगट चोळत होत्या. "तुझ्या सहीनं माझ्या हातात बळ येणार आहे का?" त्या म्हणाल्या. "उद्या कुणाच्या घरात कुणाचा बाप असा पडलेला असेल. त्याच्या लेकराला मी काय सही दाखवू?"

त्यांच्या प्रमाणपत्राची मुदत आठ दिवसांनी संपणार होती. शिक्षकांनी शेवटच्या दिवशीची वेळ लिहून दिली आणि सरावासाठी मला त्यांच्याबरोबर घरी पाठवले.

अशा रीतीने मी जन्मात पहिल्यांदा कोणाच्या घरी पाहुणा गेलो. मावशींनी मला काखेत धरले होते. जिन्यात चष्मा विसरलेल्या शेजारच्या आजोबांनी बाजूला सरून वाट दिली आणि पाहुणे कुठले म्हणून चौकशीही केली. मावशी त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

त्यांचे यजमान शिवणयंत्रे दुरुस्त करत. त्यांच्या दोन खोल्यांत टेबलावर उघडी यंत्रे, डब्यांत स्क्रू आणि सगळीकडे तेलाचा वास. मावशींनी सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली, चहा केला आणि मग शिवणकामाची टेप घेऊन माझ्या शेजारी मांडी घातली. मावशी दाबू लागल्या आणि ते टेपवर नजर ठेवून बसले.

"थांब जरा," थोड्या वेळाने ते म्हणाले. "पुरते दोन इंच जातंय. मग हा लाल कशाला दाखवतो?"

पुन्हा दाबून पाहिले. पुन्हा तेच. त्यांनी माझी कातडी उचलली, स्प्रिंग काढली आणि आत बॅटरीचा उजेड पाडला. तीन वर्षांनी माझ्या पोटात उजेड आला, मित्रांनो. त्यांनी वाकलेली पट्टी बोटाने चाचपली आणि ते मोठ्याने हसले. "अगं, चूक याची आहे. उद्या जाऊन सांगून टाक, संपला प्रश्न."

मावशी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी पट्टी सरळ करायला लावली आणि पूर्ण दोन मिनिटे पुन्हा दाबले. पहिले मिनिट हिरवा दिवा लागत राहिला. दुसऱ्या मिनिटाच्या मध्यावर तो लाल झाला आणि लालच राहिला.

"पहिल्या मिनिटाची चूक याची," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याची माझी."

एवढे बोलून त्या भिंतीला टेकून बसल्या आणि त्यांचे डोळे भरून आले. यजमानांनी त्यांचे मनगट आपल्या मांडीवर घेतले आणि कोमट तेल लावून चोळत बसले. मग म्हणाले, "दुखेल म्हणून तू मागं रेलतेस. मी बघत होतो. मागं रेलून कुठलं वजन ढकललं जातं? खांदे हातांच्या वर आण. जोर कंबरेतून येऊ दे."

हेच मावशींनी आजवर कितीतरी जणांना शिकवले होते. दुखऱ्या मनगटाला जपता जपता त्या स्वतःच ते विसरल्या होत्या. सात दिवस त्या कामावरून आल्या की माझ्यापाशी गुडघे टेकत. यजमान स्टुलावर बसून आकडे मोजत आणि मध्येच चुकले की ओरडा खात. रोज लाल दिवा थोडा उशिरा लागू लागला. सराव संपला की मावशी माझ्या अंगावर चादर घालत. मला थंडी वाजत नाही हे त्यांना ठाऊक होते, तरी घालत.

आठव्या दिवशी त्यांनी आधी शिक्षकांना माझी पट्टी दाखवली आणि दोन्ही चुका सांगितल्या. दुसरीबद्दल कोणी विचारलेही नव्हते. शिक्षकांनी माप स्वतः तपासले आणि मग घड्याळ लावले. दोन मिनिटे संपली तेव्हाही माझा दिवा हिरवा होता. सही करताना शिक्षकांनी नाक ओढले. सर्दी झाली आहे म्हणाले.

पण मावशी उठल्या नाहीत. त्यांनी विचारले, "या तीन वर्षांत याच्यावर नापास किती झाले?"

शिक्षकांनी जुने कागद काढले. प्रमाणाबाहेर दाबल्यानेही रोग्याला इजा होते, म्हणून जोरकस दाबून पास झालेल्या सगळ्यांना पुन्हा मापाने तपासायचे ठरले. त्यांतले काही कुरकुरले, पण आले. नापास झालेले तिघे होते. दोघे दुसऱ्या केंद्रात परीक्षा देऊन पास झाले होते. तिसरी एक तरुण मुलगी. ती दोनदा नापास झाली आणि काम सोडून वर्षभर औषधांच्या गोदामात खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मावशी तिला फोन करून थांबल्या नाहीत, स्वतः जाऊन घेऊन आल्या.

ती मुलगी माझ्यापाशी बसली आणि आपल्या तळहातांकडे पाहू लागली. "मला वाटलं होतं, माझ्या हातांतच काही नाही," ती म्हणाली.

तिने दाबले. हिरवा दिवा लागला. दोन मिनिटे संपली, शिक्षक थांब म्हणाले, तरी ती दाबतच राहिली. शेवटी मावशींनी तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा ती थांबली, आणि माझ्या छातीवर डोके टेकून रडली.

मित्रांनो, मी त्या मुलीचे वर्ष वाया घालवले, आणि तिची क्षमा मागायला मला शब्द नाहीत. म्हणून तुम्हाला सांगतो. तुमच्यासाठी मोजणारे काटे, घड्याळे, दिवे नुसते बाहेरून पुसू नका. कधीतरी उघडून आत पाहा. आणि आमच्यापैकी कोणी एखाद्याला कमी ठरवले, तर त्या माणसाला घरी पाठवण्याआधी आम्हाला एकदा तपासा.