मोहरीचा हत्ती

आईच्या जुन्या लुगड्याचा हत्ती शिवून मी त्यात काष्टीच्या बाजारातली मोहरी भरली. धाकटा भाऊ बन्सी तो मुठीत दाबायचा, आत मोहरी सळसळायची आणि स्वारी झोपायची. शाळेच्या प्रदर्शनात मांडायचा म्हणून मी हत्ती साबणानं धुतला. दोन-चार दिवसांत त्याच्या पोटातून हिरवे मोड बाहेर आले.

मोहरी सळसळेना, बन्सीची झोप गेली, त्यानं रडून रडून घर डोक्यावर घेतलं. आई म्हणाली, “घाल आता हत्तीला शेणखत, पीक लई येईल.”

मी हत्ती उसवला, कापड उन्हात वाळवलं, कोरडी मोहरी भरली. बन्सीनं तो दाबून पाहिला आणि मुठीत धरूनच डोळे मिटले.

“मग प्रदर्शनात काय मांडतीस?” आईनं विचारलं.

“हत्तीच, पण बन्सीसकट. पहिला नंबर आमचाच.”