मुदत उलटलेली दरपत्रके

चौतीस वर्षे ग्रंथालयाच्या देवघेवीच्या मेजामागे बसून आत्याबाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या दिवशी कोणीसे म्हणाले की, त्यांच्या कारकिर्दीत एकही पुस्तक कायमचे हरवले नाही. जे गेले ते, उशिरा का होईना, परत आले. हे बोलणे उपचाराचे नव्हते, अक्षरशः खरे होते. आत्याबाईंचा चढलेला आवाज आयुष्यात कोणी ऐकला नव्हता, पण त्यांचे स्मरणपत्र पुष्कळांनी वाचले होते आणि ज्याने एकदा वाचले त्याच्यावर ते दुसऱ्यांदा वाचण्याची पाळी सहसा येत नसे.

निवृत्तीनंतर दुपारचा वेळ त्यांना खायला उठे. म्हणून त्या भाच्याच्या कचेरीत जाऊन बसू लागल्या. कचेरी म्हणजे तळमजल्यावरची एक खोली. अर्ध्या भागात मेज, दूरध्वनी आणि दोन खुर्च्या. उरलेल्या अर्ध्यात बादल्या, मॉप, घडी घालून ठेवलेली फडकी आणि साबणाच्या बाटल्यांची शिस्तबद्ध रांग. भाच्याचा साफसफाईचा व्यवसाय होता. तिशी ओलांडलेला हा गृहस्थ कामात असा निष्णात की, त्याने पुसलेल्या काचेवर चिमणी येऊन आपटावी. मात्र मागायची वेळ आली की त्याच्या तोंडाला कुलूप लागे. तो दुकानांत, दवाखान्यांत, कार्यालयांत जाई, जमीन मापे, सुबक दरपत्रक तयार करून देई, "बघा तुमच्या सवडीनं" असे म्हणे, आणि मग त्या दाराकडे जन्मात फिरकत नसे.

त्याच्याकडे कामाला दोघी होत्या, सख्ख्या जावा. थोरली बोलायला लागली की थांबत नसे आणि धाकटी तिला थांबवल्याशिवाय राहत नसे. दिवसभर दोघींचे विळ्याभोपळ्याचे सख्य. परंतु एकीच्या बादलीतले पाणी गढूळ झाले की दुसरी न सांगता ते बदलून आणी. अशी जोडी दिवा घेऊन शोधली तरी सापडली नसती, हे भाचा जाणून होता.

एका सोमवारी दुपारी दोघी एकदमच दारात उभ्या राहिल्या आणि चक्क भांडत नव्हत्या. भाच्याच्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली.

"दादा, वाईट वाटून घेऊ नका," थोरली म्हणाली. "रुग्णालयात कपडे धुण्याच्या विभागात दोन जागा निघाल्यात. पहिल्या तारखेपासून या म्हणतात. तुमच्याकडे काम चांगलं आहे, पण आज आहे तर उद्या नाही. दोन घरं धुतली की आठवडाभर बसून राहायचं."

"आणि बसून राहिलं की ह्या बोलतात," धाकटी म्हणाली. "माझ्या कानांचाही विचार करा."

"रोजचं काम मिळालं तर?" भाच्याने विचारले.

"तर कोण जातंय तिकडे वाफेत उभं राहायला?" थोरली म्हणाली. "पहिल्या तारखेपर्यंत वाट बघतो. चौदा दिवस आहेत."

त्या गेल्यावर भाचा बराच वेळ एकच बाटली पुसत बसला. आत्याबाईंनी मेजाचा खण उघडला. आत दरपत्रकांच्या प्रती होत्या. त्यांनी मोजल्या. एकोणीस.

"ही कोण मंडळी?"

"ज्यांना दरपत्रक दिलं ती."

"मग काय म्हणाली?"

"काहीच नाही."

"तू विचारलंस?"

"विचारलं असतं तर नाही म्हणाली असती, आत्या. उगाच गळ्यात पडल्यासारखं दिसतं."

"म्हणजे अजून एकानंही नाही म्हटलेलं नाही," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी खांद्यावरच्या पिशवीतून कोऱ्या कार्डांचा गठ्ठा काढला. निवृत्त झाल्या तरी कार्डांचा गठ्ठा त्यांच्याजवळ असेच. "पत्ते सांग."

"आत्या, ही गिऱ्हाईकं आहेत, वाचक नाहीत."

"ज्यानं आपला कागद नेला आणि पुढे कळवलं नाही, तो माझ्या लेखी सभासदच."

भाचा हसला, त्याने पत्ते सांगितले आणि तो बादली उचलून कामाला गेला. इथेच त्याचे चुकले. आत्याबाईंनी एकोणीस कार्डे केली, एकोणीस पत्रे वळणदार अक्षरात लिहिली आणि घरी जाता जाता टपालपेटीत टाकली. दुसऱ्या दिवशी भाच्याने पत्राची प्रत वाचली आणि हातातली बादली खाली ठेवली. पत्र असे होते:

"स. न. वि. वि. आमचे एक दरपत्रक आपणाकडे आहे. त्याची मुदत उलटून गेली असल्याचे नम्रपणे निदर्शनास आणून देत आहोत. तरी कृपया ते आठ दिवसांच्या आत परत करावे, अथवा मुदत वाढवून घ्यावी. कागद फाटला असल्यास संकोच बाळगू नये."

"आत्या," तो क्षीण आवाजात म्हणाला, "दरपत्रक परत मागत नाहीत कोणी."

आत्याबाईंनी पत्र पुन्हा वाचले. प्रत्येक शब्द जिथल्या तिथे होता. चौतीस वर्षे जी वाक्ये त्यांच्या हाताने लिहिली, तीच हाताने याही वेळी लिहिली होती. डोक्याला विचारण्याची त्याला गरज वाटली नव्हती. त्यांचे कान किंचित तांबूस झाले. "पत्रात शुद्धलेखनाची चूक तरी नाही ना?" एवढेच त्या म्हणाल्या.

आणि मग दरपत्रके परत येऊ लागली.

चौथ्या दिवशी दोन आली, पाचव्या दिवशी पाच. एका दंतवैद्याने सोबत चिठ्ठी जोडली होती: कागदावर चहाचा डाग पडला आहे, त्याबद्दल मनःपूर्वक दिलगीर आहे. एका शिकवणीवर्गाच्या संचालिकेने मुदत वाढवून मागितली होती. पण ती कशासाठी, हे तिलाही ठाऊक नसावे. आठवडा संपला तेव्हा मेजावर अकरा दरपत्रके होती. त्या अकरांत एकही होकार नव्हता.

"छान झालं," भाचा म्हणाला. "आतापर्यंत बाहेर एकोणीस आशा होत्या. त्यातल्या अकरा तू गोळा करून आणल्यास."

आत्याबाई रागावल्या नाहीत. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिले दरपत्रक उचलून त्या खिडकीशी गेल्या. परत आलेले पुस्तक तपासल्याखेरीज फडताळात ठेवायचे नाही, हा त्यांचा आजन्म नियम.

"हे उघडलेलंच नाही," त्या म्हणाल्या. "घडी अजून कडक आहे. हे दुसऱ्या पानापर्यंत वाचलंय, पुढे कंटाळा आला. दंतवैद्यांनी खिडक्यांच्या कलमापर्यंत नीट वाचलंय, मग त्याच्यावर कप ठेवलाय. आणि हे..." त्या थांबल्या. "इकडे ये जरा."

भाचा उठून आला. त्या कागदाचे कोपरे मऊ पडले होते. घड्या तीन वेगवेगळ्या पद्धतींच्या होत्या.

"तीन माणसांनी वाचलंय. एकाचं बोट ओलं होतं. आणि चौथ्या ओळीला पेन्सिलीच्या तीन रेघा, पुढे प्रश्नचिन्ह. वाच काय आहे ते."

भाच्याने वाचले. "'रोज सर्व मजले कोरडे झाडून घेऊन नंतर पुसणे.'"

"हा माणूस झाडण्यापाशी तीनदा अडलाय. का?"

"पण आम्ही झाडतच नाही, आत्या," भाचा म्हणाला. "कोरडा झाडू मी हातात धरत नाही. झाडलं की धूळ उडते आणि घटकाभरात परत तिथंच बसते. आम्ही ओलसर फडक्यानं उचलतो तिला, अलगद."

"मग लिहिलंस कशाला?"

"नमुना तयार होता. दुसऱ्या कोणाच्या दरपत्रकावरून उतरवून घेतला."

"एकोणीसही जणांना हेच?"

"एकोणीसही जणांना."

ग्रंथालयात मोठ्याने हसणाऱ्याकडे आत्याबाई ज्या नजरेने पाहत, त्याच नजरेने त्यांनी भाच्याकडे पाहिले. भाच्याने कागदाच्या माथ्यावरचे नाव पाहिले आणि तो सावकाश म्हणाला, "चष्म्याच्या भिंगांचा कारखाना आहे हा. तीन मजले. यांना तर धूळ म्हणजे सात जन्मांची वैरीण."

"मग चल."

"मी? तूच बोल ना. तुझ्या शब्दाला वजन आहे."

"मला धुळीतलं काय कळतं? मी फक्त पुस्तकांवरची झटकली. आणि तीसुद्धा चुकीच्या पद्धतीनं, असं आज समजलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे कारखान्यात गेले. व्यवस्थापक सडपातळ, हळू बोलणारे गृहस्थ होते. त्यांचा चष्मा असा निर्मळ की चौकटीत काच आहे की नाही असा संशय यावा. आत्याबाईंना पाहताच ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"तरीच," ते म्हणाले. "पत्र वाचलं आणि आधी घरातली पुस्तकं तपासली. पंचवीस वर्षांनी पुन्हा तेच वाक्य. मी पुस्तक परत केलं होतं, बाई."

"आठवतंय. पान दुमडलेलं होतं."

व्यवस्थापक तसेच उभे राहिले. आत्याबाईंनी "बसा" म्हटल्यावर बसले. आपल्याच कचेरीत आपण परवानगीने बसतो आहोत, हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

"दरपत्रक वाईट नव्हतं," ते भाच्याला म्हणाले. "दोघा भागीदारांनाही वाचायला दिलं. पण झाडणारी माणसं आम्हाला नकोत. आधीचे सफाईवाले झाडायचे आणि दुपारपर्यंत निम्मी भिंगं पुन्हा धुवायला जायची. तुम्हाला विचारणार होतो. मग म्हटलं, नाही म्हणून कशाला दुखवायचं."

म्हणजे दोन भिडस्त माणसे एका कागदाच्या दोन टोकांना महिनोन्महिने गप्प बसली होती.

भाच्याने आत्याकडे पाहिले. आत्या भिंतीवरचे दिनदर्शिकेचे पान अभ्यासत होत्या. मग त्याची नजर मेजाच्या पायाकडे गेली. तो वाकला, पायाच्या मागच्या बाजूने त्याने बोट फिरवले आणि ते व्यवस्थापकांसमोर धरले.

"ही झाडूची धूळ," तो म्हणाला. "जमिनीवरची इतकी बारीक नसते. झाडून उडाली, वर गेली आणि हळूहळू इथं येऊन बसली. तुमची खिडकी पूर्वेला आहे. सकाळी उघडत असाल, तर सगळी आतल्या कोपऱ्यात साचत असणार. आधी वरचा मजला घ्यायचा, मग खालचा. फडकं ओलं नाही, ओलसर. आणि मॉप उचलायचा नाही, आठाच्या आकड्यासारखा फिरवायचा, म्हणजे पकडलेली धूळ सुटत नाही..."

तो बोलत राहिला. ज्याला मागता येत नव्हते, त्याला सांगता मात्र येत होते, आणि हे त्याचे त्यालाच पहिल्यांदा कळत होते. व्यवस्थापकांनी मध्येच कागद ओढून टिपणे घ्यायला सुरुवात केली.

"मला डोळ्यांनी बघायला आवडेल," शेवटी ते म्हणाले. "गुरुवारी सकाळी या."

गुरुवारी दोन्ही जावा आल्या. व्यवस्थापकांनी खोलीच्या मधोमध काळ्या कापडावर सहा भिंगे मांडली आणि ते भिंतीशी जाऊन उभे राहिले. पुढची वीस मिनिटे अपूर्व होती. दोघींपैकी एकीनेही तोंडातून अक्षर काढले नाही. थोरलीचा मॉप आठ काढीत मागे मागे सरकत होता, धाकटीचे फडके मेजांच्या कडांवरून पाण्यावरच्या पानासारखे जात होते, आणि बादली नेमकी हवी तेव्हा हवी तिथे असे. भाचा दारात उभा राहून श्वासही बेताने घेत होता. पहिली तारीख चार दिवसांवर होती.

व्यवस्थापकांनी दिव्याखाली एकेक भिंग धरले. पहिले, दुसरे, तिसरे, चौथे. पाचव्यापाशी ते थबकले.

"एक कण आहे."

"जाऊबाईंच्या बाहीचा असेल," धाकटी पुटपुटली.

"माझ्या बाहीचा? आणि तू शिंकलीस ते?"

"मी शिंकले नाही. शिंक आवरली. त्याला धीर लागतो."

"तुझा धीर माहीत आहे मला, चहा थंड होईपर्यंत टिकत नाही..."

"बाई," व्यवस्थापक दोघींना हात जोडून म्हणाले, "आधीच्या लोकांचं झाडून झाल्यावर मी मोजलं होतं. एकेका भिंगावर चाळीस कण. तुम्ही सहांत मिळून एक दिलात. त्या एकट्यावरून भांडू नका." त्यांनी सहावे भिंग पाहिले आणि ते जागेवर ठेवले. "पहिल्या तारखेपासून रोज या. तिन्ही मजले."

थोरलीने धाकटीकडे पाहिले. "कपडे धुण्याच्या विभागाला कळवायला हवं."

"मी कळवते. तुम्ही कळवलंत तर त्यांची दुपार जाईल."

"वरचा मजला मात्र माझा."

"घ्या. जिने चढताना तरी गप्प बसाल."

त्या दुपारी कचेरीत भाच्याने दरपत्रकातली चौथी ओळ खोडली आणि तिथे आपल्या शब्दांत, आपल्या पद्धतीने, आपले काम लिहिले. मग परत आलेल्या बाकीच्या दहा कागदांवरून त्याची नजर फिरली. त्याने चहाचा डाग पडलेला कागद उचलला, खिडकीशी नेला, उजेडात तिरपा धरून निरखला आणि कोणी न सांगता दूरध्वनी जवळ ओढला.

"नमस्कार, डॉक्टर. दरपत्रक परत पाठवलंत, आभारी आहे. नाही, नाही, डागाचं काही नाही. त्यात आमचीच एक चूक राहिली होती, ती सांगायला फोन केला. आणि तुम्ही खिडक्यांपाशी थांबला होतात, असं वाटतं... हो. बोला ना."

आत्याबाई जणू ऐकतच नव्हत्या. त्यांनी भिंगांच्या कारखान्याचे कार्ड काढले, ते 'परत आले' या कप्प्यातून उचलून 'दिलेले' या कप्प्यात ठेवले, आणि मुदतीच्या रकान्यात काहीच लिहिले नाही. तेवढ्यात भाच्याने फोनवर बोलता बोलता त्यांच्यापुढे हात पसरला. त्याला पेन्सिल हवी होती. ती त्यांनी टोक करून आधीच तयार ठेवली होती.