पॅसेंजर आधी

विमानतळावर जाताना जीन्स घालायची नाही, असा आमच्या घरात नियम आहे. बाकीच्यांच्या घरी लग्नासाठी असे नियम असतात. आमच्याकडे विमानतळासाठी.

"कॉलर असलेलं काहीतरी घाल," आबा दाराबाहेरून म्हणाले. "आणि सँडल नको. बूट. पॉलिश केलेत मी."

"आबा, आजकाल लोक नाइट सूटमध्ये जातात यार. गळ्यात उशी अडकवून."

"लोक पॅसेंजर आहेत. त्यांना माफ असतं."

"मग आपण कोण आहोत?"

"आपण मेश्राम आहोत," आबा म्हणाले आणि ब्लेझरला ब्रश मारायला गेले.

आबा म्हणजे माझे आजोबा, काशीनाथ मेश्राम. एका सरकारी विमान कंपनीत स्टुअर्ड म्हणून लागले आणि पर्सर होऊन निवृत्त झाले. पर्सर म्हणजे विमानातल्या सगळ्या पाहुणचाराचा मुख्य माणूस. त्या काळी स्टाफच्या घरच्यांना पास मिळायचा. विमान फुकट, पण सगळे पॅसेंजर बसल्यावर जागा उरली तरच. म्हणून पप्पांचं अर्धं बालपण विमानतळावरच्या खुर्च्यांत गेलंय. कडक इस्त्रीचे कपडे घालून गप्प बसायचं. हट्ट करायचा नाही, काउंटरवर जाऊन सारखं विचारायचं नाही. नाव पुकारलं की उठायचं. आणि विमान भरलं तर हसत हसत घरी यायचं. पप्पा सांगतात, एका मे महिन्यात ते तीनदा नागपूरला निघाले आणि तिन्ही वेळा घरी येऊन वरण-भात खाल्ला.

पण ही पासाची गोष्ट नव्हती. आमची तिकिटं पक्की होती. पप्पांनी स्वतः काढलेली. चौदा ए, चौदा बी. खिडकी माझी.

कारण मला नागपूर गाठायचंच होतं. त्याच दिवशी, दुपारी. आंतरशालेय वादविवादाची फायनल, आणि दिल्लीकडून मी. कृतिका मेश्राम, अकरावी बी! दोनपर्यंत हॉलवर पोचून नाव नोंदवायचं. नाही पोचलात तर बदली कोणी नाही, दिल्लीची खुर्ची रिकामी. बाईंनी हे इतक्यांदा बजावलं होतं की मला ती रिकामी खुर्ची स्वप्नातसुद्धा दिसायला लागली होती.

आता मी काय सांगू, नववीपर्यंत हजेरीला 'प्रेझेंट मॅम' म्हणतानासुद्धा माझे कान लाल व्हायचे. दहावीत आमच्या टीमची एक मुलगी ऐनवेळी आजारी पडली आणि मला स्टेजवर ढकललं गेलं. दोन वाक्यं थरथरली. तिसऱ्या वाक्याला समोरचे हसले, म्हणजे मला पाहिजे तिथे हसले, आणि मला कळलं, अरेच्चा, हे तर मस्त आहे! तेव्हापासून हिचं तोंड बंद झालेलं नाही, असं मम्मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.

जानेवारीचं धुकं असल्यामुळे ट्रेनचा भरवसा नव्हता. पप्पांच्या मंत्रालयात बजेटच्या आधी कोणालाही रजा मिळत नाही. मम्मीला प्रॅक्टिकलची ड्यूटी. एकटी जाते म्हटलं तर पप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी पायलट व्हायलाच निघाले होते. तेव्हा आबा पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "मी नेतो." आणि त्याच संध्याकाळी ब्लेझर धुवायला गेला.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरहून, म्हणजे घरून, कॅबने निघालो तेव्हा समोरच्या गाडीचे फक्त लाल दिवे दिसत होते. आबा विमान सुटायच्या कितीतरी आधी पोचण्याच्या पक्षाचे. त्यामुळे आम्ही सगळ्यात आधी पोचलो आणि सगळ्यात जास्त बसलो. आबा बसले. मी कुठली बसतेय. गेटपासून अत्तराच्या दुकानापर्यंत, तिथून पाण्याच्या नळापर्यंत, तिथून बोर्डापर्यंत. बोर्डावर नागपूरपुढे आधी वेळ होती, मग दुसरी वेळ आली, मग नुसतंच 'विलंब'. खाली बसच्या गेटपाशी काचेपलीकडे पांढरं. नुसतं पांढरं. विमानं आहेत की कोणी उचलून नेली, काही कळत नव्हतं.

"बस गं जरा. फरशी झिजेल."

"आबा, दोन वाजता हॉलवर पोचायचंय. आता सुटलं तरी एक वाजणार."

"सुटेल. आमच्या वेळी तर..."

झालं सुरू. आबा 'आमच्या वेळी' म्हणाले की त्यांची पाठ आणखी ताठ होते. खुर्चीच्या पुढच्या कडेवर बसतात, कधीही उठावं लागेल असे.

"आमच्या वेळी जेवण चिनी मातीच्या प्लेटमध्ये. नॅपकिन कापडी, स्टार्च केलेला. चहा ओतताना कप पॅसेंजरच्या हातात ठेवायचा नाही, आपल्या ट्रेवर घ्यायचा, ओतायचा, मग पुढे करायचा. म्हणजे विमान हललं तर भाजेल ते आपल्याला. आणि लोक! सूट घालून यायचे. जिना चढून वर गेले की दारात वळायचे आणि हात हलवायचे. विमानतळाच्या गच्चीवर घरचे उभे असायचे ना! ओळखू यायचं नाही कोणी, पण हात हलवल्याशिवाय कोणी आत आलेलं मी पाहिलं नाही."

मी अत्तराच्या दुकानाची आणखी एक फेरी मारून आले. डोक्यात मुद्दे गरगरत होते, आणि समोर आयता प्रतिस्पर्धी.

"पण आबा, तेव्हा बसायचं कोण? साहेब लोक! तिकीट परवडायचं कोणाला? आता बघा." मी हात फिरवला. एक बाई जमिनीवर बसून बाळाला केळं भरवत होत्या. दोन कामगार हेल्मेट बॅगेला बांधून झोपले होते. लोकरी टोपीवाले एक काका पेठ्याचा डबा मांडीवर घेऊन फोनवर ओरडत होते. "सगळे जातात! मग जुना काळ चांगला कसा? सांगा. एक मिनिट देते."

आबा हसले. मग हसू राहिलं आणि आवाज हळू झाला.

"तुझं बरोबर आहे. मी कुठं सगळ्यांसाठी चांगला म्हणतोय? माझ्यासाठी होता. माझ्या वडलांना गावात विहिरीवर जाऊ देत नव्हते, माहीत आहे ना? आणि वर, ढगांच्या वर, तसलीच माणसं बोट उचलून मला म्हणायची, 'पर्सर, थोडं पाणी.' मी ग्लास पुसून द्यायचो. ते प्यायचे. आणि 'थँक्यू' म्हणायचे, कृतू."

मी दिलेलं मिनिट संपलं होतं. मी आबांच्या शेजारी बसले, पण पाय हलतच राहिला.

तेवढ्यात गेटवर हालचाल झाली. कंपनीचा एक माणूस वॉकीटॉकी घेऊन पुढे आला. त्याच्या छातीवर 'धीरज' लिहिलं होतं आणि चेहऱ्यावर, आता सगळे मला शिव्या देणार.

"ध्यान दीजिए! नागपुर की फ्लाइट अब जा रही है," तो म्हणाला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही. "लेकिन कोहरे की वजह से जहाज़ बदला है, छोटा आया है। सीटें कम हैं। कोई यात्री अपनी मर्ज़ी से शाम की फ्लाइट ले सकते हैं? बड़ी मेहरबानी होगी।"

टाळ्या थांबल्या. सगळे एकदम बुटांकडे बघायला लागले. पेठ्यावाले काका काउंटरवर जाऊन ओरडले, "मेरी सीट क्यों नहीं आ रही? मैंने पैसे नहीं दिए क्या?"

मी पण बुटांकडे बघत होते. म्हणून मला दिसलं की शेजारचे बूट उठले.

आबांनी ब्लेझरचं बटण लावलं, केसांवरून हात फिरवला, आणि अगदी शांतपणे, हसत, काउंटरपाशी गेले.

"हमारी दो ले लीजिए," ते म्हणाले. "चौदह ए, चौदह बी। हम स्टाफ हैं।"

संध्याकाळी! संध्याकाळी तर बक्षीस घेऊन लोक घरी गेलेले असतील.

मी धावले. "आबा! काय करताय? माझी फायनल!"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं, आणि मला कळलं की फायनल त्यांच्या डोक्यात या क्षणी नव्हतीच. ओठ तसेच हसरे होते, पप्पांना तीनदा घरी परत नेणारे. मग हळूहळू ते हसू उतरलं.

"हो गं... पण पॅसेंजर उभा आहे आणि आपण बसायचं?"

धीरज कीबोर्ड बडवत होता. "सर, आप कौन सी कंपनी में? स्टाफ ट्रैवल तो दिखा नहीं रहा। यहाँ तो नॉर्मल टिकट है..."

आबांनी खिशात हात घातला. कार्ड काढायला. त्या खिशात कितीतरी वर्षांत कार्ड नाही. हात आतच राहिला.

मला फक्त एक वाक्य बोलायचं होतं. 'ये स्टाफ नहीं हैं, रिटायर हो गए, हम दोनों पैसेंजर हैं, सीट वापस कीजिए.' बिल्कुल सोपं. तोंडात तयार होतं. मी तर अशी वाक्यं समोरच्याच्या तोंडावर फेकण्यासाठीच नागपूरला चालले होते. पण मागे सगळी रांग ऐकत होती, आणि आबांचा हात अजून खिशात होता, आणि ते पाण्याचे ग्लास. मी हे वाक्य बोलले असते तर त्यांच्या हातातला तो ग्लास मीच काढून घेतल्यासारखं झालं असतं.

घड्याळ पळत होतं. मी काउंटरवर दोन्ही हात ठेवले.

"भैया, बाहर कितने लोग रह रहे हैं?"

"अभी तो एक ही, मैडम। ये अंकल।"

मैडम! आयुष्यात पहिल्यांदा. पण आनंद नंतर करू म्हटलं.

"तो एक सीट चाहिए ना? एक लीजिए। चौदह बी।" मी माझा चौदा एचा बोर्डिंग पास दाखवला. "मैं पैसेंजर हूँ। मेरा दो बजे नागपुर पहुँचना ज़रूरी है। ये स्टाफ हैं। पुराने पर्सर। स्टाफ शाम को आएगा।"

धीरजने आबांकडे पाहिलं. ब्लेझरकडे, बुटांकडे. मग का कोण जाणे, तो सरळ उभा राहिला. "जी सर। बहुत-बहुत धन्यवाद, सर।"

आबांचा हात खिशातून बाहेर आला, रिकामा, पण आता त्याचं काही नव्हतं.

"एकटी जाशील?" त्यांनी मला मराठीत विचारलं. "विनयला, तुझ्या पप्पाला, काय सांगू मी?"

"सांगा, पॅसेंजर बसवला."

"मस्करी नको. उत्तरा येईल का वेळेवर घ्यायला?"

"आत्या कधीच उशीर करत नाही. तुमची मुलगी आहे ती." मी त्यांच्या हातातून मम्मीने दिलेली डब्याची पिशवी घेतली. "आणि तुम्ही संध्याकाळी या. निकाल तुम्हाला समोरासमोर सांगेन."

"जागा मिळाली तर," आबा म्हणाले, आणि हे म्हणताना ते इतके खूश दिसले की मी 'मिळणारच आहे, कन्फर्म आहे' म्हणायचं टाळलं.

बोर्डिंग सुरू झालं. आबा बाजूला झाले, पण बसले नाहीत. पास तपासायच्या मशीनच्या पुढे, बसच्या दाराकडे जायच्या वाटेवर, हात समोर जुळवून उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाला मान किंचित झुकवून "नमस्ते" म्हणायला लागले. धीरजने हटकलं नाही. बहुतेकांच्या कानात इअरफोन. कामगारांपैकी एक दचकला, मग त्यानं हेल्मेटसकट नमस्कार केला. पेठ्यावाले काका "हाँ हाँ" म्हणत निघून गेले. ज्यांच्यासाठी हे सगळं केलं, ते!

मी मुद्दाम शेवटी राहिले. घरचाच नियम.

माझा पास मशीनवर टिंग वाजला. आबांनी मला पाहिलं, आणि त्यांचा आवाज बदलला. खोल, गुळगुळीत, मी कधीच न ऐकलेला.

"नमस्ते, मैडम। चौदह ए, खिड़की वाली सीट। आपकी यात्रा शुभ हो।"

मिठी मारावीशी वाटत होती. पण पॅसेंजर पर्सरला मिठी मारत नाहीत.

"थँक्यू," मी म्हटलं.

बस धुक्यातून सरपटत गेली आणि एकदम विमान समोर आलं, जिन्यासकट. मी चढायला लागले. बूट चकचकीत, कॉलर गळ्याला टोचत होती. आत पळावं, बसावं, पट्टा बांधावा, चला म्हणावं असं झालं होतं.

दाराशी पोचले आणि वळले. टर्मिनल कुठे होतं कोण जाणे. पांढऱ्यात एक पिवळट पट्टा दिसत होता, ती काच असावी. मी हात वर केला आणि हलवला.

"बेटा, अंदर चलो ना, ठंड लग रही है," आतून, दरवाज्याजवळच अडकलेले पेठ्यावाले काका म्हणाले.

"एक मिनट, अंकल," मी म्हटलं, आणि पुन्हा हलवला. या वेळी दोन्ही हात.