कडीच्या आधीची हजेरी

निमोण्यात माझ्या माहेरच्या घरासमोर एक पिंजरा आहे. बिबट्यासाठी नाही, आमच्यासाठी.

तो माझ्या वडिलांनी बांधला. त्यांचं नाव कोंडिबा, आम्ही सगळे आबा म्हणायचो. कोरेगाव भीमाजवळच्या एका कंपनीत ते वेल्डर होते. सगळी हयात लोखंड कापण्यात आणि जोडण्यात गेली, पण घरी आले की घरात म्हणून शिरायचे नाहीत. चहा अंगणात, जेवण अंगणात, झोपही अंगणातच. थंडीत आई आत बोलवायची, तर गोधडीतून आवाज यायचा, "छताखाली मला शिफ्ट चालू हाय असं वाटतं." रविवारी आम्हाला सगळ्यांना घोड नदीवर घेऊन जायचे. ट्रकच्या ट्यूबवर आईला बसवून पाण्यात ढकलून द्यायचे आणि ती शिव्या घालायला लागली की काठावर पोट धरून हसायचे.

रजा मात्र कधी घेतली नाही. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशीसुद्धा शिफ्ट करून आले आणि तशाच काळ्या हातांनी मांडवाचे बांबू बांधायला लागले. साहेब म्हणायचे, "कोंडिबा, रजा घे, शिल्लक पडल्यात." आबांचं उत्तर ठरलेलं. "साठू द्या साहेब. एकदम घेतो."

मग उसात बिबटे आले. दिवस मावळला की गाव चिडीचूप. शेजारच्या मारुतरावांचं कुत्रं दारातून उचलून नेलं, तेव्हा लोकांनी ओट्यांना जाळ्या ठोकल्या. आई म्हणाली, "आता तरी आत झोपा." आबांनी ऐकलं नाही. त्यांनी अख्ख्या अंगणालाच चारी बाजूंनी आणि वरून जाळी मारली. "बिबट्याला येऊ दे की बघायला. तिकीट लावू," म्हणाले. घाईत एक घोळ झाला. लोखंडी खाट आत ठेवूनच त्यांनी चारी बाजू वेल्ड केल्या आणि दार केलं अरुंद. खाट बाहेर निघेना. गावानं चेष्टा केली, वेल्डरनंच स्वतःला वेल्ड करून घेतलं म्हणून. आबा सगळ्यांत जास्त हसले.

त्या पिंजऱ्यात त्यांनी एक पद्धत पाडली. दिवेलागणीला कडीवर हात ठेवून उभे राहायचे आणि कंपनीच्या गेटवर घेतात तशी हजेरी घ्यायचे. "ताईबाई?" नवऱ्यानं असं चारचौघांत नाव घेतलं म्हणून आई लाजायची, पण म्हणायची, "हजर." मग माझा धाकटा भाऊ महेंद्र. सुट्टीत मी आणि माझी मुलगी प्राची असलो तर आम्ही. शेवटी आबा ओरडायचे, "बिबट्या?" आम्ही सगळे एका सुरात, "गैरहजर!" मग कडी. नियम एकच होता. घरचं माणूस यायचं असेल तर कडी लावायची नाही. आबांची सेकंड शिफ्ट असली की हजेरी आई घ्यायची, त्यांच्या नावाला "ड्युटीवर" म्हणायची आणि ते येईपर्यंत उघड्या दाराशी काठी घेऊन बसायची.

दिवाळीनंतर आबा असेच सेकंड शिफ्टला गेले. कंपनीतच छातीत कळ आली. घरी आणलं ते दुसऱ्या दिवशी, अँब्युलन्समधून.

परवा महेंद्रचा फोन आला. "आक्का, आई कडी लावत न्हाई." तो शिरूरला फ्लॅटमध्ये राहतो. भल्या सकाळी निमोण्याला गेला, तर पिंजऱ्याचं दार सताड उघडं आणि आई खाटेवर बसलेली. त्यानं कुलूप आणून लावलं, तर तिनं दगडानं फोडलं. "उद्या टेम्पो सांगितलाय. तिला फ्लॅटवर न्येतो. तू ये, माझं ती ऐकत न्हाई."

मी दौंड तालुक्यातल्या राहूला दिलेली. आमचं घर उसाच्या मधोमध, दारं-खिडक्या सगळ्या जाळीत. प्राची शाळेतून आली की सगळा खेळ बोळकंडीत. मी दिवसभर तिला "बाहेर जाऊ नको" एवढंच सांगत असते आणि माझाच जीव गुदमरतो. त्यात आता आई. तिला घेऊन जाऊन आणखी एका जाळीत ठेवायचं काम माझ्याकडं आलं होतं. मला महेंद्रचा राग आला, आईचा आला, आणि खरं सांगायचं तर आबांचा सगळ्यांत जास्त आला. असं कुणी मधूनच निघून जातं का?

प्राचीला घेऊन मी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. आई खाटेवर, महेंद्र समोर उभा. दोघंही बोलून दमलेले.

"तिसरा मजला हाय आई," तो सांगत होता. "तिथं बिबट्या न्हाई येत."

"मग कोन येतं?"

"कुनी न्हाई येत!"

"त्येच म्हनते मी," आई म्हणाली.

महेंद्र कपाळाला हात लावून आत गेला. मी खाटेवर तिच्याजवळ बसले. ती वाळली होती. डोळ्यांखाली काळं झालं होतं. काठी मांडीवरच होती.

"झोपत नाहीस ना?" मी विचारलं.

"दार उघडं टाकून झोप लागंल का गं? पान हाललं तरी छातीत धडधडतं."

"मग लाव ना कडी!"

"हात जातो कडीवर. पन वाटतं, मीच त्यांला भायेर ठिवलं. आत झोपावं तर वाटतं, ते येऊन हाका मारतील आन् मला ऐकूच येनार न्हाई. महेंद्रकडं गेले तर हितं कोन ऱ्हातंय त्यांच्यासाठी? मला ठावं हाय भागू, ते न्हाईत यायचे. मी काय खुळी न्हाई. पन अडकलेय मी. कुटंच जाता येईना."

मी तिचा हात धरून बसले.

अंधारून आलं. गावच्या ग्रुपवर मेसेज आला, ओढ्याकडच्या उसात बिबट्या दिसलाय, कुणी बाहेर पडू नका. थोड्या वेळानं मारुतरावांच्या गोठ्यात गाई हंबरायला लागल्या. महेंद्र धावत बाहेर आला आणि त्यानं पिंजऱ्याचं दार ओढून घेतलं. कडीवर हात घातला, तोच आईनं उठून त्याचं मनगट पकडलं.

"हजेरी न्हाई झाली."

"आई, बास आता! पोरगी हाय हितं!"

"हजेरी न्हाई झाली म्हनते ना."

दोघांच्या ओढाताणीत दार किलकिलं झालं. उसात काहीतरी सळसळलं. मी प्राचीला जवळ ओढायला गेले, तर ती हातातून सुटली आणि जाऊन दाराशी उभी राहिली. आबा उभे राहायचे तशीच, कडीवर हात ठेवून, छाती काढून.

"ताईबाई?" तिनं आबांसारखा घोगरा आवाज काढला.

आईचा हात सैल पडला. "हजर."

"भाग्यश्री?"

"हजर," मी म्हणाले.

"महेंद्र?"

तो उसाकडंच बघत होता. तिनं पुन्हा विचारलं. मान खाली घालून तो म्हणाला, "हजर."

"प्राची, हजर," तिनं स्वतःच सांगून टाकलं. आता बिबट्याची पाळी होती. पण पोरगी थांबली. हळूच म्हणाली, "कोंडिबा?"

गैरहजर म्हणायला कुणाचीच जीभ रेटेना. ड्युटीवर म्हणावं, तर दार उघडं राहणार. महेंद्र माझ्याकडं बघायला लागला आणि मी आईकडं.

आईनं पदरानं तोंड पुसलं.

"रजेवर," ती म्हणाली.

"कधीपर्यंत?" प्राचीनं विचारलं.

"लई साठल्यात त्यांच्या." आई म्हणाली. "एकदम घेतल्या."

तिनं प्राचीचा हात अलगद बाजूला केला आणि स्वतःच्या हातानं दार ओढून कडी सरकवली. महेंद्र मटकन खाली बसला आणि रडायला लागला. मीही रडले, आबा गेल्यापासून पहिल्यांदा मोकळी होऊन.

"बिबट्या राहिला की," प्राची म्हणाली.

"गैरहजर," आईनं सांगितलं. मग काठी खाटेखाली ठेवून ती आडवी झाली आणि महेंद्रला म्हणाली, "टेम्पोवाल्याला सांग, सकाळी येऊ नको म्हनावं. मला उशिरापर्यंत झोपायचंय."